कुठला अली, कुठला टायसन? दोन काळांतले हेवीवेट बॉक्सर भिडवायची रीत

"अली भारी की टायसन?" हा प्रश्न असा मोकळा टाकला की तासभर नुसती हमरीतुमरी होते. म्हणून पहिलं काम हे, की विचारणाऱ्यालाच उलट विचारायचं. कुठला अली? नोव्हेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलँड विल्यम्सच्या हाताला न लागलेला, की ऑक्टोबर १९८० मध्ये लॅरी होम्सचे ठोसे नुसते झेलत राहिलेला अडतीस वर्षांचा? आणि कुठला टायसन? जून १९८८ मध्ये मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवणारा, की फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत रिंगच्या जमिनीवर स्वतःचा माउथगार्ड चाचपडणारा? ही चार वेगळी माणसं आहेत.

मी परळच्या एका शाळेत पीटी शिकवते आणि हौशी मुष्टियुद्धाच्या स्पर्धांत रिंगच्या कडेला बसून गुण देते. दादाचं घर लालबागला. अमेरिकेतली शनिवार रात्रीची लढत आपल्याकडे रविवारी सकाळी लागते, त्यामुळे आमच्याकडे हा वाद पोह्यांबरोबर सुरू होतो. दादा अलीचा, त्याचा मुलगा टायसनचा, आणि वहिनी फोरमनची. आवाज चढायचे, कुणी कुणाचं ऐकायचं नाही. हळूहळू आम्ही काही नियम बांधून घेतले. ते पाळले की हा वाद फार सुंदर होतो, कारण मग प्रत्येकाला लढती खरोखर बघाव्या लागतात.

रात्र ठरवा

प्रत्येक बाजूने एक रात्र सांगायची: तारीख, गाव, समोरचा माणूस. "त्याच्या ऐन भरातला" हे उत्तर चालत नाही, कारण ऐन भर कुठला हे जो तो आपल्या सोयीने ठरवतो. दादाची सवय अशी, की तो १९६६ च्या अलीचे पाय आणि १९७४ च्या अलीची सहनशक्ती एकाच माणसाला लावतो. असा अली कधी रिंगमध्ये उतरलाच नाही. मार्च १९६७ मध्ये झोरा फॉलीला हरवल्यावर सैन्यात जायला नकार दिला म्हणून त्याचा किताब गेला, परवाना गेला. तो परत लढला थेट ऑक्टोबर १९७० मध्ये, जेरी क्वारीशी. पंचविशीपासून अठ्ठाविशीपर्यंतची, बॉक्सरच्या आयुष्यातली सोन्यासारखी वर्षं अशीच गेली. आधीचा अली ठोसा लागूच देत नव्हता; नंतरचा अली ठोसे पचवून जिंकायला शिकला. दोघांतला एकच घ्या.

टायसनचंही तसंच. त्याला घडवणारे कस डीअमाटो १९८५ मध्ये गेले, पण प्रशिक्षक केव्हिन रूनी स्पिंक्सच्या लढतीपर्यंत त्याच्या कोपऱ्यात होता. त्यानंतरचा टायसन बघा: डोकं हलणं कमी, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) कमी, एकेका मोठ्या ठोशाच्या मागे धावणं जास्त. टायसनच्या बाजूने बोलायचं असेल तर जून १९८८ किंवा त्याआधीची रात्र घ्या. फोरमन तर उघडउघड दोन आहेत. जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टनला फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडणारा एक, आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी मायकेल मूररला दहाव्या फेरीत झोपवणारा दुसरा. वहिनीला दुसरा आवडतो. तिचं म्हणणं, तो डोक्याने लढतो. मला ते पटतं.

रात्र निवडली की त्या रात्री समोर कोण होतं तेही तपासा. १९६६ चा अली बघताना लोक विल्यम्स किती वेळा पडला ते मोजतात. पण विल्यम्सला १९६४ मध्ये पोलिसाची गोळी लागली होती. त्याच्यावर शस्त्रक्रिया झाल्या, एक मूत्रपिंड गेलं. त्यामुळे त्या रात्रीचे नॉकडाउन मी पुराव्यात धरत नाही. अलीचे पाय धरते, कारण त्या पायांचा समोरच्याच्या तब्येतीशी संबंध नाही. स्पिंक्सही मुळात लाइट हेवीवेटमधून, म्हणजे खालच्या वजनगटातून, वर आलेला. ९१ सेकंद हा आकडा म्हणून मोठा, पण त्या ९१ सेकंदांतून टायसनबद्दल कळतं थोडंच. त्यापेक्षा ऑगस्ट १९८७ ची टोनी टकरशी झालेली पूर्ण बारा फेऱ्यांची लढत जास्त शिकवते.

मग नियम ठरवा, आणि पंचही

पूर्वी किताबाच्या लढती पंधरा फेऱ्यांच्या असत. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी लढताना चौदाव्या फेरीत पडलेला कोरियाचा किम डुक-कू दगावला, आणि पुढच्या वर्षापासून एका संघटनेने बारा फेऱ्या केल्या. १९८८ पर्यंत बाकीच्या मोठ्या संघटनाही बारावर आल्या. आता ह्या तीन फेऱ्यांची किंमत बघा. १९४१ मध्ये बिली कॉन बारा फेऱ्यांनंतर जो लुईसच्या पुढे होता. लुईसने त्याला तेराव्या फेरीत पाडलं. १९५२ मध्ये जर्सी जो वॉलकॉट बारा फेऱ्यांनंतर रॉकी मार्सियानोच्या पुढे होता. मार्सियानोच्या उजव्या हाताने तेराव्या फेरीत निकाल फिरवला. बारा फेऱ्यांच्या जमान्यात कॉन विजेता झाला असता आणि ४९ पैकी ४९ जिंकणारा मार्सियानो तसा राहिलाच नसता. म्हणून वादात मार्सियानोचं नाव निघालं की मी आधी फेऱ्या विचारते. बारा म्हणालात तर त्याचं सगळ्यात मोठं हत्यार, म्हणजे शेवटपर्यंत न आटणारा दम, तुम्ही आधीच काढून घेतलंत.

ग्लव्हजही बदलले. जॅक डेम्प्सीच्या काळातले, म्हणजे १९२० च्या आसपासचे, आजच्या १० औंसांच्या मानाने जेमतेम निम्मे. जुलै १९१९ मध्ये डेम्प्सीने विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं, पण तेव्हा पडलेल्याच्या अंगाशी उभं राहून तो उठता उठता पुन्हा मारता येत असे. १९२७ पर्यंत पाडणाऱ्याने आधी तटस्थ कोपऱ्यात जायचा नियम आला होता; तेव्हा शिकागोत टनीला पाडल्यावर डेम्प्सी लगेच तटस्थ कोपऱ्यात गेला नाही, मोजणी उशिरा सुरू झाली आणि टनीला जास्तीचे काही सेकंद मिळाले. डेम्प्सीला आजच्या रिंगमध्ये आणायचं तर त्याला आधी कोपऱ्यात जायला शिकवा.

पण ज्या गोष्टीकडे बहुतेक लोक बघतच नाहीत ती म्हणजे पंच. रिंगच्या कडेला बसून मला हे पक्कं कळलंय.

आमच्या स्पर्धांत एक उंच मुलगी आणि एक बुटकी असली की काय होतं बघा. बुटकी जॅब चुकवत आत शिरते. उंच मुलगी डावा तळवा तिच्या मानेमागे टाकते आणि कोपर खाली दाबते. दोन सेकंदच, पण तेवढ्यात बुटकीची पाठ वाकते, मांड्या भरून येतात, आणि जवळून मारायचे ठोसे हवेत जातात. पंच म्हणतो, "ब्रेक!" दोघींनी एकेक पाऊल मागे घ्यायचं. म्हणजे जे अंतर पार करायला बुटकीने तीन ठोसे खाल्ले, ते अंतर उंच मुलीला फुकट परत मिळालं. दुसरा एखादा पंच ब्रेक म्हणत नाही. तो मानेवरचा हात झटकतो, ताकीद देतो आणि लढत तिथेच, जवळच चालू ठेवतो. दोन्ही पंच नियमानेच वागतात, पण पहिल्यासमोर उंच मुलगी जिंकते आणि दुसऱ्यासमोर बुटकीला तिची फेरी मिळते.

आता अली आणि फ्रेझरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या लढती पाठोपाठ बघा. जानेवारी १९७४ मध्ये न्यूयॉर्कला अली फ्रेझरची मान धरून धरून त्याचं आतलं काम बंद पाडतो. ऑक्टोबर १९७५ मध्ये मनिलाला पंच कार्लोस पॅडिला अलीचा तो हात पुन्हा पुन्हा सोडवतात. माणसं तीच, दीड-पावणेदोन वर्षांनी वय वाढलेली, आणि लढत मात्र इतकी भयंकर झाली की चौदाव्या फेरीनंतर फ्रेझरचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला पुढे जाऊच दिलं नाही. पंच हे एकच कारण नव्हतं, पण ते मोठं होतं.

म्हणून अली विरुद्ध टायसन ह्या वादात मी पंच ठरवल्याशिवाय तोंड उघडत नाही. १९६६ चा अली, १९८८ चा टायसन, पंधरा फेऱ्या. टायसनच्या बाजूचा पुरावा: अली हात खाली ठेवून सरळ मागे झुकतो, आणि डाव्या हूकला (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाला) तिथेच सापडतो. जून १९६३ मध्ये हेन्री कूपरने वेम्बलीला त्याला तसंच पाडलं. मार्च १९७१ मध्ये फ्रेझरने पंधराव्या फेरीत पाडलं तेही डाव्या हूकनेच, फक्त तो नंतरचा, पाय जड झालेला अली होता. टायसनचा हूक दोघांच्या तोडीचा, आणि हात जास्त चपळ. विरुद्ध पुरावा: दोन्ही वेळा अली उठला. आणि उंच माणसाने टायसनला पकडलं की टायसन थांबतो, हात सोडवून घेत नाही, ब्रेकची वाट बघतो. मार्च १९८७ मध्ये बोनक्रशर स्मिथने बारा फेऱ्या हेच केलं. स्मिथ हरला, कारण त्याने पकडण्याखेरीज काही केलं नाही. अलीने पकडण्याच्या मधल्या वेळात जॅब मारले असते. अलीचा हाताचा पल्ला ७८ इंच, टायसनचा ७१.

"आत्या, पण टायसन उशिरा संपवतोच की," असं म्हणून भाच्याने १९८६ ची होसे रिबाल्टाशी झालेली लढत लावली. रिबाल्टा दहाव्या फेरीत संपला, आणि तोपर्यंत टायसन दमलेला दिसत नाही. मुद्दा खरा आहे. पॅडिलांसारखा पंच असेल तर पहिल्या सहा फेऱ्यांत टायसनला मी बरोबरीची संधी देते. ब्रेकवाला पंच असेल तर अली, दहाव्या फेरीच्या पुढे. अमुकच जिंकेल असं पंच न ठरवता सांगणाऱ्याचं मी ऐकत नाही.

दोन काळ जोडणारी माणसं शोधा

काळ वेगळे म्हणून सगळंच कल्पनेवर सोडायची गरज नाही. काही माणसं दोन काळांत लढली, आणि तीच आपला खरा पुरावा. जो लुईसपासून युक्रेनच्या अलीकडच्या उसिकपर्यंत मी अशी साखळी लावून दाखवू शकते. लुईस वॉलकॉटशी लढला, वॉलकॉट मार्सियानोशी, मार्सियानो आर्ची मूरशी, मूर १९६२ मध्ये तरुण अलीशी, अली फोरमनशी, फोरमन १९९१ मध्ये होलीफिल्डशी, होलीफिल्ड १९९९ मध्ये लेनॉक्स लुईसशी, लेनॉक्स २००३ मध्ये विताली क्लिचकोशी, विताली २०१२ मध्ये चिसोराशी, आणि चिसोरा २०२० मध्ये उसिकशी. ही नावं कागदावर लिहून काढा. एकेक लढत बघत गेलात तर सगळा इतिहास डोळ्यांखालून जातो.

साखळी वापरताना दोन गोष्टी सांभाळा. एक, वय. १९५१ मध्ये मार्सियानोने लुईसला हरवलं तेव्हा लुईस ३७ वर्षांचा होता. जानेवारी १९८८ मध्ये टायसनने होम्सला चौथ्या फेरीत पाडलं तेव्हा होम्स ३८ चा, आणि जवळपास दोन वर्षं रिंगबाहेर. अशा विजयाचं वजन कमीच धरायचं. उलट म्हातारा माणूस तरुणासमोर टिकला तर तो पुरावा सोन्याचा. फोरमन ४२ व्या वर्षी होलीफिल्डपुढे पूर्ण बारा फेऱ्या उभा राहिला. होम्सही १९९२ मध्ये, तोही ४२ चाच, होलीफिल्डशी पूर्ण बारा फेऱ्या लढला. सत्तरच्या दशकातली माणसं नव्वदच्या दशकात चिरडली जातील असं म्हणणाऱ्यांना मी ह्या दोन लढती दाखवते.

दुसरी गोष्ट: 'क' ने 'ख' ला हरवलं आणि 'ख' ने 'ग' ला, म्हणून 'क' ने 'ग' ला हरवलंच असतं, हे बॉक्सिंगमध्ये चालत नाही. फ्रेझरने अलीला हरवलं. फोरमनने फ्रेझरचा चुराडा केला. केन नॉर्टनने मार्च १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडला, आणि फोरमनने त्या नॉर्टनला वर्षभराने दोन फेऱ्यांत संपवलं. ह्या हिशेबाने ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासाला अली उचलून न्यावा लागला असता. आठव्या फेरीत पडला तो फोरमन. फोरमनला पुढे येणारा माणूस हवा होता. फ्रेझर थेट त्याच्या हातांत चालत आला, अली आला नाही.

यंत्राला विचारून तर अजिबात ठरवू नका. १९७० साली संगणकाने म्हणे अली आणि मार्सियानोची लढत ठरवली. दोघांनी आदल्या वर्षी कॅमेऱ्यासमोर फेऱ्या लढून दाखवल्या होत्या, आणि निकाल पडद्यावर यायच्या आतच मार्सियानो विमान अपघातात गेला. अमेरिकेतल्या चित्रगृहांत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला. युरोपात काही ठिकाणी अली जिंकलेला शेवट दाखवला गेला. भाचा मोबाइलवरच्या गेममधले गुण सांगतो तेव्हा मी हीच गोष्ट सांगते.

वजनाचं काय?

"आजचे हेवीवेट दीडपट मोठे, जुने दोन मिनिटांत झोपतील," हे वाक्य प्रत्येक वादात येतं. त्याला आकड्यांनीच उत्तर द्या. मार्सियानो साधारण ८४ किलोचा, पल्ला ६८ इंच. आज तो क्रूझरवेटमध्ये लढला असता, कारण त्या गटाची मर्यादा ९० किलोंच्या थोडी वर आहे. लेनॉक्स लुईसचा पल्ला ८४ इंच, वजन ११० च्या पुढे. इथे मी मार्सियानोच्या बाजूने उभी राहू शकत नाही. सोळा इंच पार करायला लागणारे ठोसे माणूस किती वेळा खाईल?

पण वजन एकटं कधीच पुरत नाही. जो लुईसने १९३५ मध्ये प्रिमो कार्नेराला सहाव्या फेरीत संपवलं तेव्हा कार्नेरा त्याच्याहून २९ किलोंनी जड होता. आणि आपल्या डोळ्यांदेखतचा पुरावा म्हणजे मे २०२४, रियाध. उसिक १०१ किलो, फ्युरी ११९, उंची ६ फूट ९ इंच. आम्ही पहाटे उठून बघितली ती लढत. उसिक पहिल्यापासून फ्युरीच्या पुढच्या पायाच्या बाहेर आपला पाय ठेवत गेला, पोटात मारत गेला, आणि नवव्या फेरीत फ्युरीला दोरांनी सांभाळलं म्हणून तो उभा राहिला. म्हणून विचारायचं ते हे: हलक्या माणसाकडे आत जायची वाट आहे का, आणि बाहेर यायची? लुईसकडे छोटे, सरळ, भयंकर ठोसे होते. उसिककडे पाय आहेत. ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याला वजन गिळतं.

बघायचं कसं, बोलायचं कसं

आवाज बंद करून बघा. समालोचक ज्याचं नाव जास्त घेतो तो जिंकतोय असं वाटतं. जॅक जॉन्सनच्या काळातली, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, चित्रफीत हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याची असते. चुकीच्या वेगाने लावली की माणसं उड्या मारल्यासारखी दिसतात, त्यावरून कुणाला अनाडी ठरवू नका. एक फेरी नुसते पाय बघा, पुढची नुसता डावा हात. नॉकआउटचे तुकडे जोडलेले व्हिडिओ वादात आणायचे नाहीत, पूर्ण फेरी आणायची. ट्रेनमध्ये परळ ते ठाणे एवढ्या वेळात सात-आठ फेऱ्या सहज बघून होतात.

बोलायच्या आधी प्रत्येकाने निकाल आणि फेरी चिठ्ठीवर लिहून घडी करून ठेवायची. मग पाच मिनिटं समोरच्याच्या माणसाची बाजू मांडायची. हे आम्ही दादाला करायला लावलं तेव्हा तो टायसनबद्दल इतकं नेमकं बोलला की भाचा ऐकतच राहिला. आणि अलीची होम्सशी झालेली लढत, जो लुईसची शेवटची लढत, असल्या रात्री कुणाला खाली दाखवायला वापरायच्या नाहीत. त्या माणसांनी त्याची किंमत शरीराने मोजली आहे.

सध्या आमच्याकडे चालू आहे ती जोडी अली आणि उसिक. अली नोव्हेंबर १९६६ चा, उसिक मे २०२४ चा. दोघं ६ फूट ३ इंच, दोघांचा पल्ला ७८ इंच, वजनात चार-पाच किलोंचा फरक. पंधरा फेऱ्या, १० औंसांचे ग्लव्हज, हात झटकणारा पंच. अडचण अशी की उसिक डावखुरा आहे, आणि अलीच्या जॅबची वाट डावखुऱ्याचा पुढचा हात अडवतो. याचा पुरावा सप्टेंबर १९६६ मध्ये फ्रँकफर्टला मिळतो. कार्ल मिल्डेनबर्गर, डावखुरा, अलीसमोर बाराव्या फेरीपर्यंत गेला, आणि मधल्या फेऱ्यांत अली चक्क गोंधळलेला दिसतो. मिल्डेनबर्गरचे पाय उसिकच्या जवळपासही नाहीत. पण अलीचा उजवा हात तिथे जॅबशिवाय, थेट आधी निघतो, आणि तोच शेवटी लढत संपवतो. दादा म्हणतो अली, गुणांवर. मी उसिकच्या बाजूला झुकलेय, पण मिल्डेनबर्गरची आठवी ते बारावी फेरी पुन्हा एकदा आवाज बंद करून बघितल्याशिवाय चिठ्ठीवर नाव लिहिणार नाही.